मार्शल आंतोनेस्कू: ऑर्थोडॉक्स श्रद्धा, 'पवित्र युद्ध' आणि न मिटलेला वाद

सह्यवाट

२०२४ च्या नोव्हेंबरात रोमानियाच्या अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू सगळ्यांच्या पुढे गेले. ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. आपल्याकडच्या बातम्यांत टिकटॉक आणि रशियाचा हस्तक्षेप एवढंच आलं. याच गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धातला रोमानियाचा हुकूमशहा इयॉन आंतोनेस्कू आणि कडवा ज्यूविरोधी नेता कोद्र्यानू यांना राष्ट्राचे वीर म्हटलं होतं, हे फारसं कुठे आलं नाही. त्या निमित्ताने आंतोनेस्कूवर जे वाचत गेलो ते इथे मांडतोय. लांबेल, पण थोडक्यात सांगण्यासारखं हे प्रकरण नाही.

१९४० चा उन्हाळा रोमानियासाठी भयानक होता. जूनच्या अखेरीस सोव्हिएत संघाने निर्वाणीचा खलिता पाठवून बेसारबिया आणि उत्तर बुकोविना घेतलं. ३० ऑगस्टला हिटलर-मुसोलिनीच्या मध्यस्थीने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला गेलं, ७ सप्टेंबरला दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला. जवळजवळ एक तृतीयांश देश गेला आणि त्यासाठी कुठे मोठी लढाईसुद्धा झाली नाही. लोक राजा दुसऱ्या कारोलवर भडकले. त्याने जनरल आंतोनेस्कूला पंतप्रधान केलं, सर्वाधिकार दिले आणि दोनच दिवसांत राज्यत्याग केला. गादीवर आला १८ वर्षांचा मिहाई. आंतोनेस्कूने 'कोन्डुकेटोर', म्हणजे सर्वोच्च नेता, हे पद घेतलं.

आता धर्माकडे येतो, कारण या माणसाचं समर्थन करणारे आज तिथूनच सुरुवात करतात. त्याच्या सरकारात आधी भागीदार होती आयर्न गार्ड, म्हणजेच कोद्र्यानूने १९२७ मध्ये काढलेली 'लीजन ऑफ द आर्केंजल मायकेल'. देवदूताचं नाव, हिरवे सदरे, प्रतिमांपुढे शपथा, आणि राजकीय खून. जानेवारी १९४१ मध्ये गार्डने बंड केलं, बुखारेस्टमध्ये सव्वाशेच्या आसपास ज्यू मारले गेले आणि आंतोनेस्कूने सैन्य घालून ते बंड मोडलं. यावरून 'तो गार्डच्या विरोधात होता, म्हणजे धर्मवेडा नव्हता' असा निष्कर्ष काढला जातो. मला तो पटत नाही. गार्ड गेली, पण 'राष्ट्रीय आणि ख्रिस्ती राज्य' ही कल्पना जागच्या जागी राहिली. मार्च १९४१ मध्ये कायदा झाला की ज्यूंना धर्म बदलता येणार नाही. व्हॅटिकनच्या राजदूताने, आंद्रेआ कासुलोने, त्याला विरोध नोंदवला. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्याने बाप्तिस्म्याचं दारच कायद्याने बंद केलं! श्रद्धेतून असा कायदा निघत नाही. इथे धर्म म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे राष्ट्र, एवढाच हिशेब होता.

२२ जून १९४१ ला त्याने सैनिकांना प्रुत नदी ओलांडण्याचा हुकूम दिला. हे 'पवित्र युद्ध' आहे, बोल्शेविकांविरुद्धची धर्मयुद्धाची मोहीम आहे, असं सांगितलं गेलं. रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकोदिम, याने आशीर्वाद दिले. त्याच आठवड्यात याश शहरात पोलीस, सैनिक आणि जमावाने ज्यूंची कत्तल केली, उरलेल्यांना बंद मालडब्यांत कोंबून दोन गाड्या भर उन्हाळ्यात पाण्याविना फिरवल्या. मृतांचा अधिकृत आकडा १३,००० च्या वर आहे.

पुढे नीस्टर आणि बग या नद्यांमधला सोव्हिएत प्रदेश रोमानियाच्या ताब्यात आला. त्याला ट्रान्सनिस्ट्रिया नाव दिलं. इथे दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चचं मिशन ओडेसात बसलं, शेकडो पाद्री पाठवले, सोव्हिएत राजवटीत कुलपं लागलेली चर्च पुन्हा उघडली, मुलांचे बाप्तिस्मे झाले. आणि त्याच प्रदेशात बेसारबिया-बुकोविनातून हाकलून आणलेले ज्यू डुकरांच्या गोठ्यांत उपाशी आणि टायफसने मरत होते. बग नदीकाठच्या बोग्दानोव्काच्या छावणीत डिसेंबर १९४१ मध्ये ४०,००० हून अधिक माणसं मारली गेली. गोळीबार २१ डिसेंबरला सुरू झाला, नाताळासाठी थांबवला आणि २८ ला पुन्हा चालू केला.

मी या एका तपशिलापाशी अडकलो आहे. ज्यांनी गोळ्या थांबवल्या त्यांना सण पाळायचा होता. म्हणजे धर्म विसरला गेला म्हणून हे घडलं, असं म्हणायची सोयच राहत नाही. 'तो श्रद्धाळू होता, त्याने चर्च उघडली' हे एका पारड्यात आणि हत्या दुसऱ्या पारड्यात टाकून तोल बघणं मला चुकीचं वाटतं. माझ्या मते दोन्ही एकाच कल्पनेची कामं होती: प्रदेश 'ख्रिस्ती रोमानियन' करायचा. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला संपवायचं, हे तीच कल्पना ठरवत होती.

मतं येऊ द्या. विरोधी असतील तर अधिक बरं.

---

तोफखाना

लेख मेहनतीने लिहिला आहे, पण काही गोष्टी राहिल्या आहेत असं वाटतं.

एक तर १९४० ते ४१ या वर्षात बेसारबियात सोव्हिएतांनी काय केलं? जून १९४१ च्या मध्यावर, युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम दहा दिवस आधी, हजारो कुटुंबं गुरांच्या डब्यांत भरून सायबेरिया-कझाकस्तानला धाडली. पाद्री पकडले, चर्च बंद केली. तिथल्या शेतकऱ्याला रोमानियन सैनिक आल्यावर घंटेचा आवाज पुन्हा ऐकू आला असेल, तर त्याने त्याला मुक्ती म्हटलं तर नवल काय? रणगाडे आणि रेजिमेंटच्या इतिहासात मला हे पानोपानी दिसतं. साधा सैनिक खरोखर आपली जमीन परत घ्यायला गेला होता.

दुसरं, १९४२ च्या शरद ऋतूत जर्मनीने रोमानियातले उरलेले ज्यू बेल्झेकच्या मृत्युछावणीत पाठवायचा आराखडा पुढे केला होता. आंतोनेस्कूने तो थांबवला. लाखो लोक त्यामुळे जिवंत राहिले. हंगेरीच्या ताब्यातल्या उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातले ज्यू १९४४ मध्ये आउशवित्झला गेले, दक्षिणेतले गेले नाहीत. हा फरक नोंदवायला नको का?

तिसरं, १९४६ चा खटला 'लोकन्यायालयात' चालला, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या छायेत आणि कम्युनिस्टांच्या हुकमतीखाली. दहा-बारा दिवसांत निकाल. त्याला न्याय कसं म्हणायचं?

---

सह्यवाट

तोफखानादादा, तिन्ही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत.

बेसारबिया परत घेण्याबद्दल रोमानियात तेव्हा जवळजवळ एकमत होतं, हे खरं. पण नीस्टरच्या पलीकडे जाण्याला तिथेच विरोध झाला. राष्ट्रीय शेतकरी पक्षाचे युलिऊ मानिऊ आणि उदारमतवादी ब्रातियानू यांनी आंतोनेस्कूला वेळोवेळी सांगितलं की आपली जमीन मिळाली, आता थांबा. मानिऊ कम्युनिस्टांचे मित्र नव्हते, पुढे १९५३ मध्ये ते कम्युनिस्टांच्या सिगेतच्या तुरुंगातच वारले. आंतोनेस्कू थांबला नाही. स्टालिनग्राडला रोमानियाच्या तिसऱ्या आणि चौथ्या सैन्याचं काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

ओडेसाबद्दल मी वर लिहिलं नाही, ते इथे लिहितो. २२ ऑक्टोबर १९४१ ला तिथल्या रोमानियन लष्करी मुख्यालयात स्फोट झाला, जनरल ग्लोगोजानू मारला गेला. प्रत्येक मृत अधिकाऱ्यामागे २०० आणि प्रत्येक सैनिकामागे १०० कम्युनिस्ट मारा, हा हुकूम खुद्द आंतोनेस्कूचा. प्रत्यक्षात हजारो ज्यू, त्यांत बायका-मुलंही, गोळ्या घालून आणि गोदामांत जाळून मारली गेली. हे जर्मनांनी केलेलं नाही.

१९४२ चा निर्णय मात्र मी नाकारत नाही. पण तो कसा झाला हे पाहा. प्रमुख रब्बी अलेक्झांद्रू शाफ्रान यांनी ट्रान्सिल्व्हेनियाचे मेट्रोपॉलिटन (ज्येष्ठ बिशप) निकोलाये बालान यांना गाठलं. बालान पूर्वी ज्यूंविषयी कडवटच बोलत, तरी ते बुखारेस्टला गेले आणि रदबदली केली. राजमाता एलेना बोलली, कासुलो बोलला, ज्यू महासंघाचे विल्हेल्म फिल्डरमन तर सतत अर्जांवर अर्ज करत होते. बर्लिनने त्याच काळात आंतोनेस्कूच्या अधिकाऱ्याला तुच्छतेने वागवलं होतं, आणि युद्धाचं पारडं फिरताना दिसत होतं. एवढं सगळं एकत्र आलं तेव्हा हात थांबला. थांबला हे चांगलंच झालं, माणसं वाचली. पण यावरून हेही कळतं की थांबवणं त्याच्या हातात होतं. मग १९४१ ची जबाबदारी दुसऱ्या कुणाची?

---

रेवदंड्याची_नात

मी इस्रायलमध्ये राहते. आम्ही बेने इस्रायली, आजी रेवदंड्याची, घरात मराठी अजून चालते. आमच्या इमारतीत रोमानियातून आलेली बरीच वृद्ध मंडळी होती, आता थोडी उरलीत. त्यातल्या दोरोहोईच्या एक आजी माझ्या आईकडे चहाला यायच्या. म्हणून तोफखाना यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहिते.

'जुन्या राज्यातले', म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीच्या रोमानियातले, 'ज्यू सुरक्षित राहिले' हे सरसकट खरं नाही. दोरोहोई हा जुन्या राज्याचाच जिल्हा. १९४० मध्ये हेर्त्साचा भाग सोडला तर तो सोव्हिएतांकडे गेलासुद्धा नव्हता. पण १९४१ मध्ये कारभारासाठी तो बुकोविनाला जोडलेला होता, आणि नोव्हेंबरात तिथल्या ज्यूंना गाड्यांत घालून नीस्टरपार धाडलं. गुन्हा काहीच नाही, नकाशावरची रेघ तेवढी सरकलेली. डिसेंबर १९४३ मध्ये वाचलेल्यांना परत आणलं, साधारण ६,००० जण. बाकीचे तिकडेच.

आजी नदी ओलांडतानाचा चिखल, मोगिलेव्हमधली थंडी आणि अंगावरचे कपडे देऊन घेतलेले बटाटे यांबद्दल सांगायच्या. धर्माबद्दल मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, गावात पाद्रीबुवांचं घर आमच्या गल्लीतच होतं, आम्ही गेलो त्या दिवशी खिडक्या बंद होत्या. पण त्यांनी हेही सांगितलं की नदीपलीकडे एक युक्रेनियन बाई दर रविवारी चर्चला जाताना त्यांच्या धाकट्या भावासाठी भाकरीचा तुकडा कुंपणात ठेवायची. दोघंही एकाच पंथाचे. मला त्यातून कसलाही सिद्धान्त काढायचा नाही, ऐकलं ते लिहिलं.

---

वाचनवेडी

नात ताई, तुमच्या आजींबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत.

धागाकर्त्यांच्या मुद्द्यात मी दोन गोष्टी घालते. त्या नसतील तर 'ख्रिस्ती राज्य' म्हणजे काय होतं ते पुरतं कळणार नाही.

पहिली गोष्ट रोमा लोकांची. १९४२ मध्ये जवळपास २५,००० रोमा ट्रान्सनिस्ट्रियाला पाठवले गेले, आधी भटके, मग 'धोकादायक' ठरवलेले स्थायिक. त्यातले सुमारे ११,००० मेले. यातले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले, त्याच संतांना मेणबत्त्या लावणारे. काहींचे मुलगे आणि नवरे त्याच 'पवित्र युद्धात' रोमानियन गणवेशात लढत होते, आणि रजेवर घरी आल्यावर त्यांना घर रिकामं मिळालं. 'धर्मासाठी केलं' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

दुसरी गोष्ट बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या पंथांची. १९४२ च्या डिसेंबरअखेर त्यांच्यावर कायद्याने बंदी आली, प्रार्थनागृहं आणि मालमत्ता सरकारजमा झाल्या. म्हणजे येशूला मानणारे ख्रिस्तीसुद्धा या ख्रिस्ती राज्यात बसत नव्हते.

चर्चच्या आतही एकच सूर नव्हता. निकिफोर क्राइनिक हा धर्मशास्त्राचा प्राध्यापक. वंशाधारित राज्याची मांडणी त्याने केली आणि तो आंतोनेस्कूचा प्रचारमंत्री झाला. व्हिसारिओन पुयू ट्रान्सनिस्ट्रियातल्या मिशनचा प्रमुख होता; १९४६ मध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड झाला, १९६४ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला. आणि दुसरीकडे बुकोविनाचे मेट्रोपॉलिटन तित सिमेद्र्या. त्यांनी चेर्नाउत्सीतल्या आपल्या निवासाच्या आवारात एक ज्यू कुटुंब लपवलं. याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा सन्मान दिला. त्याच शहराचे महापौर ट्रायान पोपोविच यांनी घेट्टोला, म्हणजे ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडण्याला, विरोध केला आणि सुमारे २०,००० ज्यूंना शहरातच राहू देण्याची परवानगी मिळवली. पुढे त्यांना पदावरून दूर केलं गेलं. रोमान स्टेशनवर व्हियोरिका आगारीच या रेड क्रॉसच्या बाईने याशच्या त्या गाडीचे डबे उघडायला लावून लोकांना पाणी दिलं. तोच देश, तोच काळ, तीच प्रार्थना. वेगळं वागणं शक्य होतं.

---

प्राची_दे

धर्मांचा अभ्यासक मिर्चा एलिआदे यात कुठे येतो? कोलकात्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकलेला तोच ना?

---

वाचनवेडी

तोच. १९२८ च्या अखेरीस आला, ३१ पर्यंत होता. परत गेल्यावर तीसच्या दशकात त्याने लीजनच्या बाजूने लेख लिहिले, १९३८ मध्ये त्याला स्थानबद्धही केलं होतं. युद्धकाळात तो आंतोनेस्कू सरकारच्या परराष्ट्र सेवेत होता, आधी लंडन, मग लिस्बन. योगावरचं त्याचं काम भारतात वाचलं जातं, पण हा भाग सहसा कुणी सांगत नाही. तो सांगायला हवा असं मला वाटतं.

---

किशिनेव्हकर

मी इथे मोल्दोवात, म्हणजे तेव्हाच्या बेसारबियात, किशिनेव्हला वैद्यकीय शिक्षण घेतोय, आम्ही बरीच मराठी मुलं आहोत. हा विषय इथे पुस्तकातला नाही, माणसांच्या घरातला आहे.

शहराच्या जुन्या भागात येरुशलाइम रस्त्यावर घेट्टोतल्या बळींचं स्मारक आहे. बसने जाताना ते दिसतं. १९४१ मध्ये त्याच भागात ज्यूंना डांबलं होतं आणि शरदात तिथून नीस्टरकडे नेलं. दुसरीकडे ज्या घरात मी राहतो तिथल्या मालकीणबाईंचे आजोबा १९४९ मध्ये सायबेरियाला पाठवले गेले. त्यांच्या घरात आंतोनेस्कूचं नाव वाईट अर्थाने कधीच घेतलं गेलं नाही, कारण त्यांच्या आठवणीत त्याचं सैन्य म्हणजे रशियन जाऊन चर्च उघडली ती तीन वर्षं. मी त्यांना स्मारकाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, 'हो, तेही झालं, आमची आई सांगायची, शेजारचं घर एका रात्रीत रिकामं झालं.' दोन्ही गोष्टी त्या एका श्वासात बोलल्या.

तोफखानादादा म्हणतात ती 'मुक्तीची' भावना खोटी नाही. पण ती भावना असलेल्या माणसालाही शेजारचं घर आठवतंय, हे मी इथे पाहिलं.

---

तोफखाना

किशिनेव्हकर, प्रत्यक्ष तिथून लिहिलंत, त्याचं मोल वेगळं आहे. रोमा सैनिकांच्या कुटुंबांबद्दल वाचनवेडी यांनी लिहिलं ते वाचून सुन्न झालो. सैन्यातल्या माणसाशी केलेला यापेक्षा मोठा दगा नाही.

खटल्याबद्दल माझं म्हणणं मात्र कायम आहे. २३ ऑगस्ट १९४४ ला राजा मिहाईने त्याला राजवाड्यात बोलावलं, शस्त्रसंधीला तो तयार झाला नाही तेव्हा अटक करून कारोल राजाच्या टपालतिकिटांच्या तिजोरीखोलीत बंद केलं. तिथून तो कम्युनिस्टांच्या आणि मग सोव्हिएतांच्या हाती गेला. मे १९४६ मध्ये खटला, १ जूनला जिलावाच्या तुरुंगात गोळ्या. त्याचा उपपंतप्रधान मिहाई आंतोनेस्कू, ट्रान्सनिस्ट्रियाचा गव्हर्नर अलेक्सियानू आणि जनरल वासिलिऊ यांच्यासोबत. त्या वेळचं चित्रीकरण उपलब्ध आहे: तो उजव्या हातात हॅट उंच धरून उभा राहतो. रोमानियात त्याच्या हौतात्म्याची कल्पना त्या काही सेकंदांवर उभी आहे. खटला नीट, स्वतंत्र न्यायालयात झाला असता तर ती कल्पना वाढलीच नसती.

---

सह्यवाट

यावर आपलं जमतंय. खटल्यात सोव्हिएतांविरुद्धचं युद्ध हाच मोठा गुन्हा धरला गेला, ज्यूंच्या हत्यांचं पुरतं चित्र लोकांपुढे आलंच नाही. नंतर कम्युनिस्ट हुकूमशहा चौसेस्कूच्या काळात दोष जर्मन आणि हंगेरियनांवर ढकलायची सवय लागली. म्हणून १९८९ नंतर कम्युनिस्टांचा बळी तो आपला नायक, एवढं सोपं समीकरण झालं. १९९१ मध्ये संसदेने त्याच्या स्मरणार्थ एक मिनिट मौन पाळलं. गावोगावी पुतळे आले. १ जून २००१ ला बुखारेस्टच्या संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना चर्चच्या आवारात त्याचा अर्धपुतळा बसवला, समारंभाला सेनाधिकारीही हजर. २००६ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीच्या 'थोर रोमानियन' मतदानात तो सहावा आला. पाचवा होता रिचर्ड वुर्मब्रांड, ज्यू घरात जन्मलेला आणि कम्युनिस्टांच्या तुरुंगात वर्षानुवर्षं छळ सोसलेला ल्युथरन पाद्री! लोकांनी दोघांनाही शेजारी शेजारी मतं दिली, कारण मोजमाप एकच होतं: कम्युनिस्टांनी कुणाला छळलं.

मात्र स्वतंत्र तपासणी झालीच नाही असं नाही. २००२ मध्ये अध्यादेशाने युद्धगुन्हेगारांच्या उदात्तीकरणावर बंदी आली. २००३ मध्ये होलोकॉस्टमधून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, नोव्हेंबर २००४ मध्ये अहवाल आला. रोमानियाच्या ताब्यातल्या प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मारले गेले किंवा मेले, असा निष्कर्ष. हे कम्युनिस्ट न्यायालय नव्हतं, लोकशाही सरकारने नेमलेले इतिहासकार होते, आणि सरकारने अहवाल स्वीकारला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला अंशतः दोषमुक्त करणारा खालचा निकाल रद्द केला. तेव्हा १९४६ च्या खटल्यावर टीका करताना आज हे आधार पुढे ठेवता येतात.

---

प्राची_दे

मग चर्चची आज काय भूमिका आहे? त्याला संत केलंय का? कुठेतरी तसं वाचल्यासारखं वाटतं.

---

वाचनवेडी

नाही, आंतोनेस्कूला संत केलेलं नाही. तुम्ही बहुधा २०२५ ची बातमी वाचली असेल. रोमानियन पॅट्रिआर्केटची शताब्दी होती आणि ४ फेब्रुवारीला विसाव्या शतकातल्या १६ पाद्री आणि धर्मसाक्षींना संतपद जाहीर झालं. बरेचसे कम्युनिस्ट तुरुंगांत छळ सोसलेले. त्यातल्या तिघांच्या, इलारिओन फेलेआ, कॉन्स्टंटिन सर्बू आणि इलिए लाकातुशू यांच्या, लीजनशी असलेल्या संबंधांवरून बुखारेस्टच्या एली विझेल संस्थेने आक्षेप घेतला होता. फेलेआ १९६१ मध्ये ऐउदच्या तुरुंगात वारले, त्यांचा छळ खरा आहे. चर्चचं म्हणणं असं की संतपद त्यांनी श्रद्धेसाठी सोसलेल्या यातनांना दिलं आहे, राजकारणाला नाही. आक्षेप घेणारे म्हणतात की प्रतिमेपुढे उभा राहणारा भाविक जीवनाचे असे भाग पाडत नाही, तो संपूर्ण माणसाला नमस्कार करतो. मला दुसरं म्हणणं पटतं. चर्चला यातना आठवायच्या असतील तर जरूर आठवाव्यात, पण १९४० पूर्वी ती माणसं काय लिहीत-बोलत होती तेही त्याच पोथीत छापावं.

---

रेवदंड्याची_नात

एक भर घालते. ९ ऑक्टोबर हा रोमानियात होलोकॉस्ट स्मरणदिन आहे, १९४१ मध्ये बुकोविनातून हद्दपारी सुरू झाली तो दिवस. २०२१ च्या कायद्याने माध्यमिक शाळांत ज्यूंचा इतिहास आणि होलोकॉस्ट हा विषय सक्तीचा केला आणि २०२३ पासून तो शिकवला जातो. दोरोहोईच्या आजी तोपर्यंत नव्हत्या, पण त्यांची पणती तिकडे शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात त्यांचं निवेदन वाचून आली. वर्गात एका शिक्षिकेने उभं राहून विचारलं, हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही. पणतीकडून रेकॉर्डिंग मागवलं आहे. परवानगी मिळाली तर मराठीत उतरवून याच धाग्यावर देईन.